इतिवृत्तात न आलेलं

मंगळवार, संध्याकाळचे सात वाजून चार मिनिटं.
लोमा सेका नगरपरिषद. हजर पाच, गैरहजर कुणी नाही.
एवढं मी लिहिलं.
एसीची घरघर लिहिली नाही,
तिला रकाना नसतो.

विषय नववा:
नव्या घरामागची प्रादेशिक रस्ता-वर्गणी
बंद करणे.
कुठेही नवं छप्पर चढलं की ठरलेली रक्कम
खोऱ्यातल्या अकरा गावांच्या सामायिक पेटीत पडायची
आणि पेटीतून कधी पूल निघायचा, कधी बस,
कधी नुसताच जाडजूड अहवाल.

सदस्य होलकॉम्ब म्हणाले,
"एकोणीस वर्षं आपण घालतोय,
आणि उड्डाणपूल झाला तो शेजाऱ्यांच्या मॉलपाशी."
खोटं नव्हतं.
त्याच पुलावरून माझी बहीण रोज कामाला जाते,
तेही खोटं नव्हतं.
पण मी बोलायला नव्हते, लिहायला होते.

बिल्डरच्या वकिलाने रंगीत तक्ता आणला होता.
वर्गणी गेली की घर स्वस्त.
"किती स्वस्त?" सदस्य ओफेलिया रेंटेरियांनी विचारलं.
तो हसला.
हसण्यालाही रकाना नसतो.

अभियंता सोफाल केओने नकाशा उलगडला.
अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीला लागला
तेव्हा त्यानेच काढलेली एक तुटक रेघ,
आमच्या शाळेपासून पलीकडच्या इस्पितळापर्यंत.
ती भरून काढायची राहिली होती.
"ही शीव," तो म्हणाला, "फक्त कागदावर दिसते.
तिथे उभं राहिलं तर दिसतं ते एवढंच
की चार पदरांचे दोन होतात."
आणि नकाशाची घडी त्याला काही केल्या जमेना.

मग नागरिकांची तीन-तीन मिनिटं.
युलालिया बर्रागान, वय एकाहत्तर.
आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही हद्दीबाहेर.
तिने चष्मा लावला, पर्समधून कागद काढला
आणि कसलीच प्रस्तावना न करता
एकतीस नंबरच्या बसचं वेळापत्रक वाचायला लागली.
पाच दहा. सहा चाळीस. आठ पाच.
नऊ पन्नास, फक्त शाळेच्या दिवशी.
हिरवा दिवा पिवळा झाला.
अकरा वीस. एक पंधरा.
होलकॉम्बनी घड्याळ पाहिलं, मग खाली पाहिलं.
तीन पाच. चार
लाल.
ती थांबली, कागद नीट दुमडला,
थँक यू म्हणाली.

मी लिहिलं: एका नागरिकाने विरोध नोंदवला.

गाव करील ते राव काय करील, म्हणतात.
नऊ वाजून बारा मिनिटांनी
अकरा गावांतलं एक गाव
स्वतःच राव झालं. तीन विरुद्ध दोन.
बाहेर पार्किंगमध्ये वाऱ्याने एक काटेरी झुडूप
शेजारच्या हद्दीतून घरंगळत आणलं,
फाटकाशी अडकवलं आणि पुढे नेलं.

दोन आठवड्यांनी, विषय पहिला:
मागील इतिवृत्त कायम करणे. काही दुरुस्ती?
कधीच नसते.
मी शिक्का हातात घेऊन बसले होते.
मागच्या रांगेत युलालिया उभी राहिली,
या वेळी खुर्चीच्या पाठीला धरून.
"यात लिहिलंय, मी विरोध केला.
मी विरोध नाही केला.
मी बसच्या वेळा वाचल्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, "खरं आहे. चूक माझी."
दुरुस्ती मंजूर, पाच विरुद्ध शून्य,
होलकॉम्बचा हात सगळ्यांत आधी वर.

तर आता दप्तरात ते कायमचं आहे,
ठराव राहील तोवर, त्याच्याच पाठोपाठ:
पाच दहा. सहा चाळीस. आठ पाच.
नऊ पन्नास, फक्त शाळेच्या दिवशी.
अकरा वीस. एक पंधरा.
तीन पाच.
चार